कै. बाबुराव यांच्या स्मरणार्थ

मीराबाईंनी अंगठ्याचं नख स्टिकरच्या कडेखाली सरकवलं आणि हळूच ओढलं. स्टिकर निघाला. त्याच्याबरोबर पाकिटावरची काळी छापील तारीखही निघाली आणि स्टिकरच्या पाठीला, फोटोतल्या बाबुरावांच्या फेट्याच्या बरोबर मागे, चिकटून बसली.

"बघितलंत?" रचना म्हणाली. "तिकडे छावणीतही हेच झालं."

"खोबरेल तेल लावून निघंल. नव्या ताटावरचा निघतो ना."

"तेलाने शाईपण जाते, मावशी. मी करून बघितलं."

शहाडच्या त्या गोदामात मागे राहिलेलं एकच खोकं होतं. बाकी सगळी खेप दीड महिन्यापूर्वी बोटीने गेलेली. पाकिटात शेंगदाण्याचा मऊ लगदा असायचा, लाडवासारखा गोड. पण ते औषधच. सुदानातल्या लढाईतून पळून आलेल्या, हाडं तेवढी उरलेल्या पोरांसाठी. आंबिवलीच्या भजनी मंडळातल्या बायका इथे बसून एकेका पोराची आठवड्याची पिशवी भरत: ही पाकिटं, जुलाबावरची पुडी, जंताची गोळी. रचना साळवे ही मदत पाठवणाऱ्या संस्थेची इथली पगारी माणूस; सगळं तिच्या देखरेखीखाली.

नवऱ्याच्या, बाबुरावांच्या, वर्षश्राद्धाला गावजेवण न घालता मीराबाईंनी एका खेपेचा खर्च उचलला होता. गावात त्याची चर्चा झाली. व्हावी म्हणूनच उचलला, हे त्या कुणाला सांगणार नव्हत्या, पण स्वतःशी नाकारतही नव्हत्या. बाबुरावांनीच तशी सवय लावलेली. जमीन विकून पैसा आल्यापासून स्मशानातल्या बाकावर त्यांचं नाव, शाळेच्या टाकीवर त्यांचं नाव. देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव; पंखा फिरायला लागला की वाचता यायचं नाही, म्हणून आरतीच्या आधी ते तो बंद करायला लावत. लोक घामाघूम होऊन वाचत.

या खेपेसाठी मीराबाईंनी त्यांच्या फोटोचे स्टिकर छापून आणले, तेव्हा रचनाने बजावलं होतं, "मावशी, बाहेरच्या पिशवीवर एक लावा. आतल्या पाकिटांना काही चिकटवायचं नाही."

"नाय गं," त्या म्हणालेल्या.

मग रचना दोन दिवस कल्याणच्या कचेरीत गेली. स्टिकर तर ढीगभर उरलेले. पिशवी काय, कोणीही फेकून देईल. पाकीट पोराच्या हातात राहील. पाकिटावर एक पांढरी पट्टी मोकळी होती, तिच्यावर बारीक आकडे तेवढे. कंपनीचं कायतरी असेल. मीराबाईंनीच पहिला स्टिकर लावून दाखवला. बायकांनी भजन म्हणत म्हणत दोन दुपारींत सगळे संपवले.

रचनाने फोन पुढे केला. "हा बघा. काल आला."

निर्वासितांच्या छावणीतला लांबलचक तंबू. बायका मांडीवर पोरं घेऊन रांगेत. टेबलामागे डोक्याला रुमाल बांधलेली नर्स. तिने पाकिटावरचा स्टिकर ओढला, पाकीट डोळ्यांजवळ नेलं, उलटसुलट केलं आणि बाजूच्या निळ्या बादलीत टाकलं. दुसरं घेतलं. तेही बादलीत. समोरच्या बाईचा हात पुढे आलेला होता, तो तसाच होता.

"का टाकते ती?"

"मुदतीची तारीख दिसल्याशिवाय देता येत नाही. नियम आहे. पोरं आधीच एवढी अशक्त, खराब निघालं तर?"

बाईच्या पायाशी दोन-अडीच वर्षांची एक मुलगी बसली होती. खाली पडलेला स्टिकर उचलून तिने गुडघ्यावर लावला होता. गुडघा मांडीपेक्षा जाड. त्यावर बाबुराव फेटा बांधून हसत होते.

मीराबाईंनी पदर तोंडाशी नेला. व्हिडिओ संपला. त्यांनी स्वतःच बोट लावून तो परत सुरू केला आणि शेवटपर्यंत पाहिला. बाईचा हात शेवटपर्यंत खाली गेला नाही.

"नर्सने विचारलंय," रचना म्हणाली, "फोटोतले हे गृहस्थ कोण. डॉक्टर आहेत का."

"काय सांगितलंस?"

"अजून काही नाही."

तिने लॅपटॉप उघडला. वर कळवायचं पत्र अर्धं टाइप करून झालं होतं, इंग्रजीत. मीराबाईंना मराठी पेपर अडखळत का होईना वाचता यायचा, इंग्रजी नाही.

"वाच तरी. मराठीत सांग."

"पाकिटांवर स्टिकर लागले. देखरेख रचना साळवे यांची होती. चूक त्यांची." तिने अगदी रेशनकार्ड वाचावं तसं वाचलं.

"तू तर नको म्हणालेलीस."

"तपासून सही मीच केली ना. वरची पिशवी बघितली, आत हात घातला नाही."

"मग तुझी नोकरी?"

"बघू." रचना चार्जरची वायर बोटाभोवती गुंडाळू लागली. "तुम्ही देणगीदार, मावशी. तुमचं नाव असल्या पत्रात कशाला? पुढच्या खेपेला परत तुमच्याच दारात यायचंय मला."

बाहेर टेम्पो मागे घेण्याचा आवाज आला आणि थांबला. मीराबाईंच्या अंगठ्याला तो मघाचा स्टिकर अजून चिकटलेला होता. त्यांनी तो झटकून पाहिला. निघेना.

"ते खोड," त्या म्हणाल्या. "लिही, मी चिकटवले. तू नको म्हणालेलीस तरी चिकटवले. आणि दुसऱ्या बायकांची नावं नको. त्यांना मीच सांगितलेलं."

"परदेशातले साहेबलोकही वाचतात हे."

"मग मोठ्या अक्षरांत लिही."

रचनाने त्यांच्याकडे पाहिलं. मग ओळ पुसून पुन्हा टाइप करू लागली.

"नाव पूर्ण घालू?"

"घाल."

"मीराबाई बाबुराव भोईर," टाइप करता करता ती म्हणाली.

मीराबाई खुर्ची ओढून पडद्याजवळ आल्या. आजवर त्यांचं स्वतःचं नाव कुठे छापलं गेलं नव्हतं. बाकावर, टाकीवर, या स्टिकरवरही बाबुरावांच्या नावाखाली बारीक 'भोईर परिवार' तेवढं. ही अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, पण शब्द तीन आहेत हे दिसत होतं. त्यांनी मधल्या शब्दाखाली बोट ठेवलं. अंगठ्यावरचा फेटा पडद्याच्या उजेडात चमकला.

"हे त्यांचं?"

"हो."

"ते काढ," मीराबाई म्हणाल्या. "त्यांनी नाय चिकटवलं."