बोलत राहायचं

माणसांना झोपवणं हे भूलतज्ज्ञ बाईंचं रोजचं काम, म्हणून सगळं इस्पितळ त्यांना 'अंगाई' म्हणायचं, अर्थात पाठीमागे. आज मात्र त्यांना एका शिंप्याला जागं ठेवायचं होतं. गाठ त्याच्या मेंदूत, वाचेच्या जागेला अगदी खेटून. ती जागा दाखवणारं यंत्र मोठ्या शहरांत असतं. इथे यंत्र म्हणजे बाईंचे कान. कवटी उघडेपर्यंत गुंगी द्यायची, मग उठवून रोग्याला बोलतं ठेवायचं आणि शब्द अडखळला की सर्जनचा हात थांबवायचा.

पण शिंपी मुलखाचा अबोल. "घरीही मिठाची गुळणी धरून बसतात," बायकोने आधीच सांगितलं होतं. "थोरल्या दिरांचा विषय काढा. दुकानाच्या वाटणीवरून अबोला आहे. त्यांच्या नावाने मात्र तोंडाचा पट्टा सुटतो."

कवटी उघडून त्याला उठवल्यावर बाईंनी तोच विषय काढला, आणि पट्टा सुटलाच. थोरला ढोंगी, थोरला दुकान गिळंकृत करणारा, थोरल्याच्या जिभेला हाड नाही. शब्द खणखणीत येत होते आणि गाठ तुकड्यातुकड्याने निघत होती. आता थोडीच उरली, असं सर्जन म्हणाला. पण घोकलेल्या शिव्या बिघडलेल्या मेंदूतूनही बाहेर पडतात, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी विषय बदलला.

"कात्री धरायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

शिंपी गप्प झाला. त्यांनी पुन्हा विचारलं. पेन दाखवून त्याचं नाव विचारलं. ओठ थरथरले, शब्द नाही.

"थांबा," त्या म्हणाल्या. सर्जनने हात काढून वाट पाहिली, पण शिंपी बोलेना. शेवटी नखाएवढी गाठ आत ठेवूनच कवटी बंद झाली.

संध्याकाळी वॉर्डात शिंप्याने बायकोकडे पाणी मागितलं, अगदी स्वच्छ शब्दांत. बाई तिथेच होत्या. मग तेव्हा का बोलला नाहीत, असं त्यांनी विचारलं.

"दादानेच शिकवलं होतं. माझ्या बोटांवर बोटं ठेवून." त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "बोलता येत होतं हो. बोलवत नव्हतं."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गळा दाटलेला माणूस आणि वाचा गेलेला माणूस, यांतला फरक त्यांच्या तयार कानांना कळला नव्हता. गप्प बसल्या असत्या तरी कुणी विचारणार नव्हतं. पण त्यांनी स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं: थोडी गाठ राहिली आहे, ती वाढेल, पुन्हा वाचेवरच येईल, आणि ती राहिली ती माझ्या सांगण्यावरून.

शिंप्याने बायकोचा हात धरला.

"मग दादाला लवकर बोलवा," तो म्हणाला.