एकतीस की चौतीस

एस्तेरच्या स्वयंपाकघरात भिंतीवर दोन तांबड्या रेघा होत्या. खालची जमिनीपासून एकतीस इंचांवर, वरची चौतीसवर. बन्सी गवंड्याने त्या मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ओढल्या, आणि मे संपत आला तरी त्यांतली खरी कुठली ते ठरलं नव्हतं.

बन्सीची एक रीत होती. ओटा बांधायचा म्हटलं की आधी घरच्या बाईला भिंतीशी उभं करायचं, पोळी लाटताना धरतात तसे हात धरायला लावायचे आणि कोपराखाली वीतभर सोडून रेघ मारायची. एस्तेर उंच. तिचं माप चौतीस भरलं. तिच्या वडिलांनी बांधलेल्या या घरातला जुना ओटा अठ्ठावीसचा होता. त्याच्यावर वाकून वाकून तिची कंबर कामातून गेली होती. नवी रेघ बघूनच तिला बरं वाटलं. तेवढ्यात तिचा नवरा सायमन म्हणाला, "आईला उंच होईल."

सायमनची आई जामखेडकडे धाकट्या मुलापाशी राहायची. म्हातारी थकली होती. घराचं काम झालं की तिला इथं कोल्हारला आणायचं, असं घरात बोलणं झालेलं होतं. म्हातारी बुटकी. बन्सीने अंदाजाने खाली दुसरी रेघ मारली आणि विचारलं, "मग सर, कोनती धरू?"

"बघू," सायमन म्हणाला.

सायमन जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. वर्गात खडसावून बोलणारा हा माणूस घरात आला की तळ्यात-मळ्यात सुरू. खिडकी सरकती की उघडती? बघू. फरशी पांढरी की दुधी? बघू. टाइलांचे नमुने पडवीत रांगेने भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्याच शेजारी स्टुलावर शेगडी मांडून एस्तेर अडीच महिने स्वयंपाक करत होती.

"बाई, सरांचं असं हाय," बन्सी म्हणायचा, "मग लग्नाला तरी व्हय कसं म्हनले?"

"माझ्या वडिलांनी विचारलं होतं. नाही म्हणायची छाती झाली नाही त्यांची."

बन्सी हसायचा, आतून सायमनही हसायचा. एस्तेरला त्याचा राग असा कधी आला नव्हता. एकेकाचा स्वभाव, दुसरं काय.

मागच्या रविवारी चर्चमधून आल्यावर तीच म्हणाली, "एकतीसचा करून टाका. आईंचे किती दिवस राहिलेत? मी वाकेन."

सायमनने तिच्याकडे बघितलं, रेघांकडे बघितलं. "बघू," म्हणाला.

बुधवारी तो टाइल बघायला लोणीला गेला. दुपारी त्याच्या शाळेतले गोरक्षनाथ गुरुजी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात.

"वहिनी, तोंड गोड करा! ऑर्डर निघाली. मला राहुरी मिळाली, सरांना थेट जामखेड. पहिलीच पसंती!"

"कसली पसंती?"

"बदलीची हो! चेष्टा करता काय वहिनी? फेब्रुवारीत माझ्याच घरी बसून विनंती अर्ज भरले की आम्ही. मला दोन दिवस लागले. सरांनी तीस शाळा अर्ध्या तासात भरल्या, ओळीनं. मी म्हटलं, सर, जरा विचार करा. तर म्हणाले, गोरक्ष, विचार करून झालाय."

एस्तेरने पेढा हातात घेतला तो तसाच धरून ठेवला. परक्या माणसापुढे घरचं उघडं पडू नये म्हणून म्हणाली, "हो, म्हणाले होते मला." चहा केला. गुरुजी चहा पिऊन, रेघांकडे बघत "काम रेंगाळलं वाटतं" म्हणून निघून गेले.

फेब्रुवारी. जुना ओटा फुटला मार्चमध्ये. म्हणजे पहिला घण पडला तेव्हा ह्यांचा अर्ज महिनाभर जुना होता. एस्तेर गावातल्या अंगणवाडीत सेविका. ती नोकरी गाव सोडून नेता येत नाही, हे सायमनला तिच्याइतकंच ठाऊक होतं.

पाचला सायमन आला. काखेत आणखी दोन नमुने.

"एस्तेर, ही बघ. ही जरा राखाडीवर जाते, पण ही—"

"गोरक्षनाथ भाऊजी पेढे देऊन गेले."

त्याने नमुने सावकाश खाली टेकवले. "मी सांगणारच होतो."

"कधी?"

"ठरलं नव्हतं गं अजून. नुसता फॉर्म भरून ठेवला होता."

"आई इकडे येणार होत्या ना?"

"नाही म्हणाली ती. नाताळातच म्हणाली."

"आणि रविवारी मी म्हटलं, वाकेन, तेव्हा?"

"मला काही सुचेना."

बाहेर बन्सी वाळू चाळत होता. चाळणीचा आवाज थांबला.

"पहिली शाळा कुठली भरलीत?"

"आईच्या वाडीची." हे उत्तर मात्र लगेच आलं.

"आणि तिसावी?"

सायमनने वाकून भिंतीला टेकवलेले नमुने उगाच सारखे केले.

"तीस गावं लिहिलीत अहो. तिसावं तरी कोल्हारच्या वाटेवरचं होतं का?"

"खर्ड्याच्या पुढचं," तो खाली बघून म्हणाला.

जामखेडच सव्वाशे किलोमीटर. खर्डा त्याच्याही पलीकडे. तीस वेळा निवड करायची होती, आणि एकदाही त्याचं बोट चुकूनसुद्धा तिच्या बाजूला वळलं नव्हतं. दुधी की पांढरी म्हणून अडीच महिने तिला झुलवत ठेवणारा हाच माणूस.

"बन्सीभाऊ," तिने हाक मारली, "चौतीस."

बन्सी दारात आला. सवयीने त्याने सायमनकडे पाहिलं.

"तिकडं काय बघता? त्यांना कुठं इथं स्वयंपाक लागणार आहे?"

बन्सीने खालची रेघ ओल्या फडक्याने पुसली. ती पुरती गेली नाही, पण वरून गिलावा येणारच होता.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला दोन माणसांनी कडप्पा उचलून विटांवर बसवला. एस्तेर पुढे झाली आणि तिने दोन्ही हात त्यावर ठेवले. पाठ सरळ राहिली. तिला आनंद व्हायला हवा होता.

आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज आला. मग सायमन दारात येऊन उभा राहिला, दोन हातांत दोन बॅगा.

"सोमवारी हजर व्हायचंय," तो म्हणाला. "एस्तेर, छोटी नेऊ की मोठी?"

बन्सीने लेव्हल ठेवून बुडबुडा बघायचं निमित्त केलं.

"मोठी," एस्तेर म्हणाली.