बीजबाबांच्या दोन बरण्या

"बुडालं! बुडालं!" सभागृह दणाणलं.

शिवणकाम करणारी सून शेवटच्या रांगेत अंग चोरून उभी होती. समोर टेबलावर बीजबाबांच्या दोन काचेच्या बरण्या होत्या. पुरुषाचं वीर्य पाण्यात सोडायचं. बुडालं तर बी भरीव, तरंगलं तर पोकळ. मघाशी पहिल्या बरणीत एका ड्रायव्हरचं तरंगलं, तेव्हा लोक खदाखदा हसले होते. आता तिच्या नवऱ्याचं दुसऱ्या बरणीच्या तळाशी गेलं.

"बी टपोरं आहे!" बाबा गरजले. "खडकावर पेरून काय उगवणार? खडक बदला!"

"ऐकलंस ना, वांझोटे?" सासू चारचौघांत म्हणाली. "या महिन्यात तुला माहेरी धाडते."

नवरा मिशीतल्या मिशीत हसला.

दोषी बाईनं बरण्या घासायच्या, हा बाबांचा दंडक. सून मागच्या नळाशी बसली. सुईनं टोचलेलं तिचं बोट पहिल्या बरणीत झोंबलं, दुसरीत नाही. पहिलीच्या तळाशी मिठाचे खडे होते! ती तडक लॅबच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांचे कपडे तीच शिवायची.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी भर सभेत साध्या पाण्यात अंडं सोडलं. ते बुडालं. मग मूठ-मूठ मीठ कालवलं. अंडं वर आलं.

"बोला बाबा, कोंबडी पास की नापास?"

"काल तुम्ही सासूबाईंना पडद्याआड विचारलंत, 'कोण नकोय?'" सून म्हणाली. "मी ऐकलं. त्यांना मी नको होते, म्हणून आमच्या बरणीत साधं पाणी. ड्रायव्हरच्या सासऱ्यालाही तेच विचारलंत; त्याला जावई नको होता, म्हणून तिथं मीठ!"

बाबांनी मागच्या दारानं धूम ठोकली.

"माझं कुठंही तपासा!" नवऱ्यानं छाती फुगवली. तपासलं. खात्रीसाठी काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं. सूक्ष्मदर्शकाखाली एकही शुक्राणू नव्हता.

"पण बुडालं होतं की!" तो रडकुंडीला आला.

"साध्या पाण्यात सगळ्यांचंच बुडतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शुक्राणू आहेत का, किती, हलतात का, हे बरणीत दिसत नाही. पुढच्या तपासण्या करू, कदाचित उपाय निघेल."

सासूचा आवाज लोण्यासारखा झाला. "सूनबाई, घरची गोष्ट घरात राहू दे हं. चल घरी."

"वांझ चारचौघांत म्हणालात. आता हेही चारचौघांत सांगा, मग येते."

सासूनं तोंड फिरवलं. लेकाच्या अब्रूपुढं सून तिला कस्पटासमान होती. सून तिथूनच निघून गेली आणि त्या घरात पुन्हा आली नाही.

मूल होत नसेल तर दोघांचीही तपासणी करा, तीही लॅबमध्ये. आणि दोष कुणाचाही निघाला, तरी माणूस फेकून द्यायचा नसतो.