मुकादमाची गादी

दाबकाकांनी उजव्या पायाचा अंगठा फरशीला टेकवला, डावा पाय हवेतच राहू दिला आणि श्वास रोखून नवी मोटरसायकल फाटकातून मागे घेतली. मागे घेतली म्हणजे काय, पोहता न येणारा माणूस विहिरीच्या कडेकडेने सरकतो, तशी अंगठ्याने रेटत सरकवली. काकू दारात उभ्या होत्या, म्हणून चेहऱ्यावर हसू ठेवणं भाग होतं.

"जमतंय ना?" काकूंनी विचारलं.

"न जमायला काय झालं? लोण्यासारखी आहे."

लोण्यासारखी गाडी नेमकी तेव्हाच डावीकडे कलली. काकांनी फाटकाचा खांब धरला. मग सोडायची सोय नव्हती, त्यामुळे खांबाला मिठी मारूनच ते काकूंशी बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले.

दाबकाका हे नाव त्यांना गल्लीने दिलं होतं. त्यांचा सगळा जन्म रोड रोलरवर गेला होता. रोलरवर बसून दाढी करायला घ्यावी, तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ती पुन्हा वाढलेली असायची, असं ते सांगत. एकदा म्हणे त्यांनी एका गोगलगायीला वाट दिली होती, आणि ती पुढे गेल्यावर वळून त्यांच्याकडे बघून हसली होती. गोगलगाय हसते कशी, असं कुणी विचारलं तर काका म्हणत, "मागून कधी बघितली आहेस का?"

त्यांनी रस्ते केले आणि त्यावरून बाकीचे पळाले. खडी दाबून झाली, डांबर बसलं, की रोलर ट्रेलरवर चढायचा आणि काका पुढच्या कामाला. घाटातला रस्ता त्यांनी पार माथ्यापर्यंत दाबला होता. पलीकडचा उतार दुसऱ्या टोळीचा. माथ्यावर दगडी कठडा होता, त्याच्याशी जाऊन जरा पलीकडे बघावं एवढ्यात ट्रेलर आला. ही गोष्ट काकूंनी इतक्यांदा ऐकली होती, की ट्रेलर येण्याच्या जागी त्या स्वतःच "आला" म्हणत.

काकू सोफे आणि खुर्च्या मढवायच्या. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. काका निवृत्त झाले, तसं एका सकाळी काकूंनी शिलाई मशीन थांबवलं, ओठांतल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि त्यांना थेट शोरूममध्ये नेलं. गाडी आधीच ठरवलेली होती. उंच, पुढे चोच काढलेली, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या, टायर असे की डोंगरालाही गुदगुल्या व्हाव्यात. काकूंनी मागच्या सीटचा स्पंज चिमटीत धरून बघितला आणि पसंतीची मान हलवली.

"तुमच्या रस्त्यावरून जाऊ," त्या म्हणाल्या. "ट्रेलर यायच्या आत."

काकांना गाडी पाहून पहिल्यांदा वाटलं, हा उंट आहे. शोरूममधल्या माणसाने ती धरून ठेवली होती, म्हणून बसणं जमलं. पाय लोंबकळत होते. पण काकू अशा बघत होत्या, की 'उंची जास्त आहे' हे तीन शब्द काकांच्या घशातच बसले, ते बसलेच. काकूंना सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी गाडी परत केली असती. आणि नाही सांगावं, तर काकूंना मागे बसवून घाटात कुठे थांबायची वेळ आली आणि पाय टेकला नाही, की दोघं आडवी. ते एकटे अंगणात एकदा पडले होते, त्याचं काही नाही. पण काकू?

मग त्यांना पुस्तिकेचा आधार मिळाला. नवं इंजिन जपून चालवावं, काटा फार वर नेऊ नये, एकाच वेगात राहू नये, पहिल्या सर्व्हिसिंगला तेल बदलावं. काका ती पोथीसारखी वाचू लागले.

"कधी निघायचं मग?" काकू विचारत.

"इंजिन मोकळं होऊ दे गं. अजून बाळ आहे ते."

निमित्त म्हणून धरलेली काळजी हळूहळू खरीच अंगाला लागली. काटा जरा वर गेला की काकांचा हात रेसवरून आपोआप सुटे. तेलाच्या काचेत ते डोळा लावून बसत. गाडी बंद केली की आतून टक टक आवाज यायचा; तो ऐकून एके दिवशी ते तशीच गाडी घेऊन शोरूमच्या मेकॅनिककडे गेले.

"काका, तापलेलं लोखंड गार होताना बोलतं," मेकॅनिक म्हणाला. "तुमचा रोलर नव्हता बोलत?"

"माझा रोलर तापायला उन्हाळा यावा लागायचा."

"चालवा हो बिनधास्त. चढावर न्या, उतारावर न्या. गल्लीत फिरवून इंजिन कसं मोकळं होणार?"

येताना काका बूट दुरुस्त करणाऱ्याकडे थांबले आणि इकडेतिकडे बघत, दोन्ही बुटांना खालून जाड रबर लावून मागितलं. घरी आले तेव्हा ते जिराफासारखे चालत होते. काकूंनी पाहिलं आणि पुन्हा शिवणात डोकं घातलं.

रबराने अंगठ्याच्या जागी चवडा टेकला. पण पुढच्या आठवड्यात नवल झालं. चवड्याच्या जागी अर्धं पाऊल टेकायला लागलं. आणखी काही दिवसांनी टाच जमिनीकडे वाकून बघू लागली. काकांनी बुटांचं रबर तपासलं. ते होतं तेवढंच होतं. मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जन्मभर दुसरं केलं काय होतं त्यांनी?

"नवा रस्ता बघ, फुगीर असतो," ते काकूंना समजावू लागले. काकू एका सोफ्याला पाठ शिवत होत्या. "वजन फिरत राहिलं की दबतो, बसतो. गाडीचंही तेच. मी तिला रोज दाबतोय."

"हं," काकू टाचण्यांमधून म्हणाल्या.

"अजून बसेल का गं?"

काकूंनी टाचण्या काढल्या, त्यांच्या पायांकडे एकदा नीट पाहिलं. "थोडी बसेल. परवापर्यंत."

परवा गाडी बसली, ती इतकी की टाच टेकून गुडघेही वाकायला लागले. काकांनी मेकॅनिकला जाऊन हा शोध सांगितला. तो म्हणाला, शॉकअप थोडे बसतात, पण इतके नाही. काकांनी त्याची कीव केली. दाबण्यातलं त्याला काय कळणार.

काकूंकडे एक बोका होता. दिवसभर झोपायचा आणि दुसऱ्यांच्या कामावर डोळा ठेवायचा, म्हणून काकांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं. खिडकीखालच्या खोक्यावर त्याची बैठक असे. एका संध्याकाळी बुटाची नाडी बांधायला काका तिथे वाकले आणि त्यांना दिसलं, की मुकादम खिडकीबाहेरच्या चिमण्या बघतोय. बसल्या बसल्या. आजवर त्याला तिथून भिंतच दिसायची.

काकांनी मुकादमाला उचललं. खाली काळ्या स्पंजचे काप एकावर एक रचलेले होते, नवेकोरे, मागे रुंद, पुढे निमुळते. तो आकार ओळखायला काकांना डोळ्यांची गरज नव्हती. त्यावर ते रोज बसत होते.

बाहेर जाऊन त्यांनी सीटच्या खालून हात फिरवला. पिनांची ओळ बोटांना लागली, दाट, किंचित तिरपी. घरातल्या प्रत्येक खुर्चीच्या पोटाशी अशीच ओळ होती. आपण दुपारी झोपतो तेव्हा पुढच्या खोलीतून पिनांच्या बंदुकीची ठकठक येते, हे ते वर्षानुवर्षं ऐकत आले होते. त्या आवाजावरच त्यांना झोप लागायची.

आत येऊन त्यांनी मुकादमाला पुन्हा गादीवर ठेवलं. मग गाडीचा स्वच्छ असलेला दिवा फार वेळ पुसला.

अंधार पडायच्या आत ते बूट दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. "रबर काढ."

"काढायचं? आता कुठे लावलंय."

"गाडी बसली."

त्याने पटाशी घातली. "काकू आल्या होत्या मध्ये. किती वाढवलं, विचारत होत्या. मी म्हटलं, पावलाला झेपेल तेवढं. तर म्हणाल्या, बाकीचं मी बघते."

काकांनी बूट पायात चढवले. परत येताना ते नीट चालत होते.

रात्री जेवताना म्हणाले, "उद्या निघू."

सकाळी काकूंनी दाराला कुलूप लावलं, शेजारणीला मुकादमाचं सांगितलं आणि वळल्या. त्यांची नजर काकांच्या बुटांवर गेली, चपट्या, जुन्या. क्षणभर तिथे थांबली.

"इंजिन मोकळं झालं?"

"झालं."

काका गाडीवर बसले. दोन्ही पावलं टाचेपासून बोटांपर्यंत जमिनीवर. काकू खांदा धरून मागे चढल्या. मागची सीट होती तशीच होती, त्यामुळे त्या काकांच्या डोक्यावरून पुढचं बघू शकत होत्या.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. पुढच्या सीटमध्ये आता स्पंज नावाला उरला होता. रस्त्यातली खडी न खडी काकांना जातीने भेटत होती.

"हा खड्डा माझा नाही," ते ओरडून सांगत.

"बरं," काकू मागून म्हणत.

"हाही नाही."

"रस्ता सगळा खड्ड्यांचाच का केला मग?"

घाटात काटा वर गेला, पुन्हा खाली आला, इंजिन चढाला गुरगुरलं, वळणावर शांत झालं. तरी काकांचा हात रेसवरून सुटला नाही. माथ्यावर कठड्याशी त्यांनी गाडी थांबवली, पाय टेकले, काकू उतरल्या. मग तेही उतरले आणि पाय फाकवून चार पावलं अशी चालले, की रोलरच चालतोय म्हणावं.

काकूंनी पेटी उघडून एक चपटी गादी काढली. काळं कापड, काठाला बारीक शिवण.

"मुकादमाकडून उसनी आणलीय. उतारावर बसायला घ्या."

काकांनी गादी हातात घेतली, दाबून पाहिली. "मग पाय नाही पोचायचे."

"नाही पोचले तर नाही पोचले," काकू म्हणाल्या. "मी उतरून धरीन."

काकांनी गाडीकडे पाहिलं, मग गादीकडे. गादी त्यांनी कठड्याच्या दगडावर ठेवली, एका टोकाला बसले आणि उरलेल्या जागेवरची धूळ हाताने झटकली. काकू येऊन बसल्या.

पलीकडे एक नदी होती, वळताना रुंद झालेली. पत्र्याची छपरं, शेतांचे तुकडे, आणि त्यांच्यामधून खाली खाली जाणारा दुसऱ्या टोळीचा रस्ता.

"कसा दाबलाय?" काकूंनी विचारलं.

काका बराच वेळ बघत राहिले. "बरा दाबलाय," ते म्हणाले.

मागे गाडी गार होत टक टक करत होती. त्यांनी वळून पाहिलं नाही.