शिगेनोआजींचा दोन टनी ट्रक

तोकुजोची शेगडी आली तेव्हा ती उचलायला आम्ही चारजण होतो, आणि ती जागेवर ठेवल्याबरोबर घर एका बाजूला कललं. खोटं सांगत नाही. त्या दिवसापासून तोकुजोचं मांजर खिडकीत झोपतं आणि शेगडीपाशी उठतं. मधे ते चालत नाही, घरंगळतं.

काळी, ओतीव लोखंडाची, पुढे काचेचं दार, वर छपरातून बाहेर काढलेलं धुराडं. तोकुजोने चाळीस वर्षं आमच्या खोऱ्यात बस चालवली आणि चाळीस वर्षं प्रत्येक वळणावर एकच स्वप्न पाहिलं, की निवृत्त झालो की या शेगडीपुढे बसायचं आणि कुठ्ठेही जायचं नाही. त्याच्या बायकोने, मासुएने, शेगडीभोवती एक चक्कर मारली.

"हिला खायला काय लागतं?"

"सरपण."

"आणि ते कुठून येणार?"

"फुकट! अगं, डोंगरात राहतो आपण. मान वळवीन तिकडे लाकूड."

"बरं," मासुए म्हणाली. "मग गावात पहिला बर्फ पडायच्या आत अंगणातली सरपण ठेवायची खोप छपराला टेकेपर्यंत भरायची. एक काडी विकत आणायची नाही. नाही भरली, तर शेगडी सुवा शहरात माझ्या भावाकडे जाईल. आपला रॉकेलचा हीटर काय वाईट होता?"

हा भाऊ, मोरिसुके, आठवड्याभरातच येऊन गेला. टेप लावून शेगडीची मापं घेतली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि जाताना तिला "येतो हं" म्हणाला. बहिणीला तेवढंही म्हणाला नाही.

मी गेन्पाची, तोकुजोचा शेजारी. माझ्याकडे जुना चेनसॉ, म्हणजे यंत्राची करवत, आहे. तो सुरू करायला दोरीला अठ्ठावीस झटके द्यावे लागतात, पण एकदा पेटला की ओंडका, ओंडक्याखालची घोडी आणि ओंडक्याची सावली असं सगळं कापूनच थांबतो. तोकुजोने नवा कोरा घेतला होता. ऑक्टोबरच्या मध्यावर आम्ही दोघं टेम्पोत बसून फुकटच्या लाकडाच्या शोधात निघालो.

आता, आमच्या खोऱ्यात शेगड्या तीसेक आहेत. म्हणजे तीस म्हातारे, तीस टेम्पो आणि साठ कान. कुठेही चेनसॉ गुरगुरला की भाताची वाटी तोंडाला लावलेला माणूस वाटीसकट गाडीत बसतो. झाडाच्या मालकापुढे जो पहिला वाकेल त्याचं लाकूड, असा आमचा रिवाज. एकदा आम्ही असाच आवाज धरून दीड तास डोंगर चढलो. मागे नऊ टेम्पो. वर पोचून बघतो तर मठातले पुजारी यंत्राने पाला उडवत होते. दहा गाड्या बघून ते इतके भारावले, की आम्हा सगळ्यांना बसवून तासभर प्रवचन दिलं. पाय बधिर झाले, लाकूड शून्य. मग धरणावर वाहून आलेली लाकडं फुकट वाटतात असं कळलं. पहाटे पोचलो. आमच्या आधी आलेल्यांनी लाकडं नेली होती, ती ज्या दोरीने बांधली होती ती दोरीही नेली होती. महिना संपता संपता खोप भरली होती गुडघ्यापर्यंत. तेही मासुएच्या गुडघ्यापर्यंत, आणि ती ठेंगणी.

अशात शिगेनोआजींचा निरोप आला. गावाच्या वरच्या टोकाला त्यांची सफरचंदांची बाग. वय एकोणऐंशी, एकट्या राहतात, आणि सफरचंदांची पेटी अशी उचलतात जशी तुम्ही-आम्ही टोपी उचलतो. त्यांचा दोन टनी ट्रक दुरुस्तीला गेला होता.

"तोकुजो-सान, तुमचा टेम्पो एक दिवस मिळेल का? सहकारी संघात पेट्या टाकायच्यात."

तोकुजोने दिला. संध्याकाळी टेम्पो परत आला तो चाकं पोटात घेऊन. मागे काठोकाठ सफरचंदाचे ओंडके. तीन वर्षांपूर्वी उपटलेली झाडं, कोठारामागे रचून ठेवलेली, वाजवली तर ढोलकीसारखी बोलतील इतकी सुकलेली.

"हे काय हो आजी?"

"रिकामा कसा पाठवू?" आजी म्हणाल्या आणि चालत निघून गेल्या.

बरोबरच आहे. शेजारणीने वाटीतून काही दिलं तर ती वाटी रिकामी परत जात नाही. टेम्पो म्हणजे तरी काय, चाकं लावलेली वाटीच. मासुएने मान डोलावली. "हे विकत नाही. चालेल."

त्या रात्री तोकुजोला झोप लागली नसणार, कारण सकाळी तो माझ्या दारात उभा होता आणि त्याचे डोळे बाहेर लोंबत होते.

"गेन्पाची! आजींकडे टेम्पो विसरायचा!"

"म्हणजे?"

"म्हणजे विसरायचा! आपण वर जायचं, ब्रेक गरम झालेत म्हणायचं, चालत खाली यायचं. पुढचं त्या बघतील. त्यांना रिकामा पाठवताच येणार नाही!"

आणि खरंच, लोकहो, पाठवता आला नाही. सोमवारी ब्रेक गरम झाले. मंगळवारी चष्मा सापडेना. बुधवारी तोकुजोला एकाएकी चालण्याचा व्यायाम सांगितला गेला, कोणी ते विचारू नका. दर संध्याकाळी टेम्पो भरून खाली यायचा आणि दर सकाळी आम्ही दोघं अंगणात करवती पेटवायचो. काय ते दिवस! सफरचंदाच्या भुशाचा वास इतका गोड, की कावळे येऊन भुसा खाऊन बघायचे आणि एकमेकांकडे बघून गप्प बसायचे. आम्ही कापत होतो, फोडत होतो, रचत होतो आणि हसत होतो. खोप कमरेला आली. छातीला आली.

"आठ दिवस!" तोकुजो गात होता. "आठ दिवसांत छपराला टेकते!"

नवव्या दिवशी अंगणात दुरुस्त झालेला दोन टनी ट्रक येऊन उभा राहिला. आजी खाली उतरल्या, आमच्या खोपीकडे बघून गोड हसल्या.

"जरा देवळात जाऊन येते. ट्रक इथेच राहू दे हं."

देवळात गेल्या त्या परस्पर घरी गेल्या. संध्याकाळी फोन आला, "अगोबाई, ट्रक विसरलेच की मी!"

मी आणि तोकुजो एकमेकांकडे बघत राहिलो. मासुए बाहेर आली, हात पुसत.

"भरा."

"काय भरा?"

"ट्रक. रिकामा पाठवणार? गावात तोंड दाखवायचंय मला."

"तुझं लोणचं देऊ ना एक बरणी!"

आम्ही बरणी ठेवून पाहिली. दोन टनी ट्रकच्या पाठीवर ती बरणी मैदानात हरवलेल्या बटणासारखी दिसत होती.

"सरपण भरा," मासुए म्हणाली.

"अगं, ते त्यांनीच दिलेलं आहे!"

"मग त्यांना आवडेलच."

"आणि खोप? तुझीच अट आहे ना, छपरापर्यंत?"

"अट आहे तशीच आहे. आणि ट्रकही रिकामा जाणार नाही. तुम्ही फुकट म्हणाला होतात, सोपं म्हणाला नव्हतात."

तुम्ही कधी चार टेम्पो लाकूड एका ट्रकात जाताना पाहिलंय? मी पाहिलंय, आणि माझ्याच हातांनी. दोन दिवसांनी आजी पुन्हा देवळात गेल्या. मग पुन्हा. एवढी देवभक्ती त्यांनी अख्ख्या आयुष्यात केली नव्हती. आमचा टेम्पो बिचारा वर जाऊन भरून येत होता, पण तो पेल्याने आणत होता आणि ट्रक बादलीने नेत होता. डोंगर आधी डोक्यावर पांढरा झाला, मग खांद्यांवर, मग कमरेपर्यंत. खोप छातीवरून कमरेवर आली, कमरेवरून घोट्यावर. मोरिसुकेचा सुवाहून फोन आला, की त्याने शेगडीसाठी जागा रिकामी केली आहे आणि खाली फरशीही बसवून घेतली आहे.

चौथ्यांदा ट्रक आला तेव्हा खोपीत चाळीस ढलप्या उरल्या होत्या. मोजून चाळीस. त्यांनी ट्रकचा तळही झाकला नसता. हवेला बर्फाचा वास यायला लागला होता.

मासुए घरात शिरली. कपाट पाहिलं, गाद्या पाहिल्या, मग शेगडीसमोर जाऊन थांबली आणि तिच्याकडे विचारी नजरेने बघायला लागली.

"नाही!" तोकुजोने शेगडीवर झेप घेतली आणि तिला मिठी मारली. "हिला नाही! मला पाठव, पण हिला नाही!"

मासुएने नवऱ्याकडे नीट पाहिलं. वरून खाली. मला वाटतं, लग्नानंतर पहिल्यांदाच इतकं नीट पाहिलं असेल.

"चढा," ती म्हणाली.

"कुठे?"

"ट्रकात. करवत घेऊन. आणि गेन्पाची-सान, तुम्हीपण. नुसते हे टाकले तर फारच थोडं दिसेल."

असे आम्ही दोघे, मांडीवर चेनसॉ घेऊन, ट्रकच्या पाठीवर गुडघे मुडपून बसलो. मासुएने ट्रक चालवला. वाटेत ते तीस म्हातारे आपापल्या दारात उभे राहून बघत होते. एकाने विचारलं, "कितीला जाताय रे?" मी म्हटलं, "फुकट."

आजींच्या अंगणात मासुए उतरली आणि कमरेत वाकली.

"अगदी क्षुल्लक आहे, आजी. घरात होतं तेच आणलंय. राग मानू नका."

आजींनी आम्हाला सगळ्या बाजूंनी न्याहाळलं. "अगं, कशाला एवढं! आणि दोन-दोन!" त्याही वाकल्या. मासुए चालत खाली निघून गेली. एकदाही वळून पाहिलं नाही.

"चला," आजी म्हणाल्या. "आता तुम्ही माझे."

त्यांनी आम्हाला घरामागे नेलं. तिथे चेस्टनटचं झाड होतं. तिघांच्या कवेत न मावणारं, आणि सगळंच्या सगळं घराच्या छपरावर ओणवं झालेलं, जणू आत काय शिजतंय ते वाकून बघतंय.

"दोन हिवाळे झोप नाही मला," आजी म्हणाल्या. "यावर बर्फ बसला की हे घरात येणार."

"मग सांगायचं ना आजी! आम्ही आलो नसतो का?"

"सांगितलं की उपकार झाला. या वयात तो फेडत बसू? कोणी आणून दिलं, आपण ठेवून घेतलं, तर गोष्ट वेगळी." त्यांनी सुस्कारा सोडला. "पण अक्कल यायला चौथी खेप लागेल असं वाटलं नव्हतं. मी पहिल्याच खेपेला तुम्हाला शोधत होते ट्रकात. बघते तर लाकूड!"

तोकुजोने संध्याकाळी घरी फोन लावला. "मासुए, रात्री येऊन जाऊ का?"

"दिलेली वस्तू परत कशी घेऊ?" तिने फोन ठेवला.

तीन दिवस आम्ही त्या झाडाशी भांडलो. फांदी फांदी दोरांनी बांधून उतरवली. खोड कापायला मी पूर्वेकडून लागलो, तोकुजो पश्चिमेकडून, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी जेव्हा आमच्या करवती मधोमध भेटल्या तेव्हा आम्ही एकमेकांची खुशाली विचारली. झाड पडलं ते अंगणात, अगदी लोणच्याच्या पिंपाला वळसा घालून. आजींनी तीन वेळा टाळ्या वाजवल्या.

मग म्हणाल्या, "आता एवढ्या मोठ्या भेटीची परतफेड नको?" आणि कोठारामागचं उरलंसुरलं सगळं सुकं लाकूड, त्यात आम्हीच भरून पाठवलेल्या तीन खेपा, असं सगळं ट्रकवर चढलं. त्यावर आम्ही दोघं. तेवढ्यात डोंगरावरून बर्फ निघाला.

"आजी, बर्फ!" तोकुजो किंचाळला. "तो गावात पोचायच्या आत खोप भरायचीय!"

"धरून बसा," आजी म्हणाल्या.

त्या उतारावर आजींनी जो ट्रक हाणला, तो मी अजून स्वप्नात चालवतो. बर्फ मागे, आम्ही पुढे. ट्रकच्या मागच्या अर्ध्या भागावर वीतभर बर्फ साचला होता आणि पुढच्या अर्ध्यावर धूळ उडत होती. तोकुजो पुढे बसला होता, मी मागे. माझ्या भुवया गोठल्या, त्याच्या नाकावर ऊन होतं. अंगणात शिरलो, ट्रकचं मागचं फळकं पाडलं आणि रचायला लागलो. फेकत होतो, झेलत होतो, रचत होतो. आजीसुद्धा दोन-दोन ओंडके काखेत मारून धावत होत्या. खोप छातीला आली, गळ्याला आली, आणि शेवटची ढलपी चळतीवर बसली तेव्हाच पहिला कण तोकुजोच्या नाकावर पडला.

मासुए पुढे आली. चळत आणि छप्पर यांच्या फटीत हात घातला.

"चार बोटं कमी," ती म्हणाली.

खरंच कमी होतं. तोकुजोने वादही घातला नाही. तो आत गेला, शेगडीपुढे बसला आणि बाहीने तिच्या दाराची काच पुसायला लागला. आजी माझ्याकडे बघायला लागल्या, मी आजींकडे.

मग मासुएने खोपीतून कवभर लाकूड काढलं, आत आली, नवऱ्याला ढोपराने बाजूला सारलं आणि शेगडी पेटवली. सफरचंदाचं लाकूड ते, वर्तमानपत्राचा कपटा लागला आणि फुललं. मासुएने मोजे काढले, तळवे काचेसमोर धरले आणि तिच्या तोंडून एक असा आवाज निघाला, जो तोकुजोने चाळीस वर्षांत ऐकला नव्हता, असं तो शपथेवर सांगतो.

तेवढ्यात फोन वाजला. मोरिसुके.

"ताई, सुवात पडायला लागला! तुमच्याकडे?"

मासुएने खिडकीबाहेर पाहिलं. आजींच्या ट्रकचे फक्त आरसे दिसत होते.

"बर्फ? छे रे," ती म्हणाली. "इकडे लख्ख ऊन आहे."

मोरिसुके दर आठवड्याला फोन करत राहिला. जानेवारीत मासुए म्हणाली की यंदा हवामानच काही खरं नाही. फेब्रुवारीत मी त्यांच्याकडे चहाला जायचो तो वरच्या मजल्याच्या खिडकीतून, आणि शिगेनोआजी बर्फावरून धुराड्याच्या टोकाला धरून त्याच खिडकीत उतरायच्या. आम्ही चौघं शेगडीभोवती चहा पीत बसलेले, बाहेर छपरापर्यंत पांढरं, आणि मासुए फोनवर अगदी मनापासून भावाला सांगत होती, "नाही रे बाबा, अजून एक कणसुद्धा नाही. पडला की सगळ्यात आधी तुलाच कळवेन."