कॅडिलॅकचं गाऱ्हाणं

आमच्या संदेशरावांनी कॅडिलॅक घेतली. सेकंडहँड, काळी, चार दारांची, आणि बॉनेटखाली साडेपाचशे घोडे. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं माझी आई म्हणायची. इथे बहरीनमध्ये व्याही नव्हता, जुफेर भागातला एक अमेरिकन साहेब होता, आणि घोडं काही एकटं नव्हतं.

संदेश एसीतला माणूस. आता अस्कर गावाकडे एका कंपनीत मेंटेनन्सचा सुपरवायझर आहे, पण बहरीनला नवीन आला तेव्हा लोकांच्या व्हिलांमधले एसी साफ करायचा. पुढे बाकीची सगळी व्हिलांची कामं सोडली, या साहेबाचा एसी तेवढा सोडला नाही. मला वाटायचं, माणूस जुन्या ओळखीला धरून आहे. नंतर कळलं की एसीचं मशीन गच्चीवर असतं, आणि गच्चीवरून गाडी छान दिसते. साहेबाची बदली झाली, त्याने गाडी मातीमोलाने काढली, आणि आमचे हे एके दिवशी घरी आले ते चावी फिरवतच.

"जायला तीन महिने राहिले, आणि गाडी?" मी विचारलं.

"तीन महिने तर तीन महिने. जाताना विकूया. असल्या गाडीला गिऱ्हाईक धावत येतं."

हे तीन महिन्यांचं आधी सांगायला हवं, कारण माझा जीव त्यातच अडकला होता. आमच्या स्पृहाची सातवीची परीक्षा मार्चमध्ये संपली की आम्ही तिघं कायमचे कुडाळला परत जाणार, हे ठरलं होतं. मी डी. फार्म केलंय. पण लग्न झाल्यापासून संदेशच्या व्हिसावर ईसा टाउनच्या फ्लॅटमध्ये डबे भरण्यापलीकडे त्या शिक्षणाचा उपयोग एवढाच, की शेजाऱ्यापाजाऱ्यांना तापाची गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे मी सांगत असे. कुडाळात माझी मैत्रीण स्वप्नाली हिने औषधाच्या दुकानासाठी गाळा घेतला होता. गाळा तिचा, सर्टिफिकेट माझं. पाडव्याला दुकान उघडायचं. पाटी रंगवून तयार होती आणि तिच्यावर माझं नाव होतं. तो फोटो मी मोबाइलवर इतक्या वेळा उघडायची की स्पृहा म्हणाली, "आई, इट वोन्ट चेंज."

तर गाडी आली. पंपावर पोऱ्याने विचारायच्या आधीच संदेश काच खाली करून "मुमताज" म्हणायचा, म्हणजे भारीतलं पेट्रोल. साध्याकडे बघायचं सुद्धा नाही. सीफच्या मॉलला जायचो तर आत काही घ्यायचं नसायचं. पार्किंगमध्ये इंजिन एकदा उगाच गुरगुरवायचं, मग सावकाश उतरायचं, दार लावायचं, चार पावलं जाऊन मागे वळून बघायचं. स्पृहा सीटमध्ये खाली सरकून बसायची. "पप्पा, प्लीज. पीपल आर लुकिंग."

"बघूदेत ना. त्यासाठीच तर घेतली."

आणि हे बेट केवढं? कुडाळहून सावंतवाडीला जाऊन परत आलात की बहरीन संपला. त्यात साडेपाचशे घोडे पळवायचे कुठे? मी असं म्हटलं की तो मला साखीरच्या बाजूला घेऊन जायचा, जिथे वाळू आणि तेलाच्या पाइपांशिवाय काही नाही. रस्ता मोकळा दिसला की पाय दाबायचा. पाठ सीटला चिकटायची. पहिल्यांदा मी त्याच्या नावाने बोंब मारली. दुसऱ्यांदा हसायला आलं. खोटं कशाला बोलू, मजा यायची. तो माझ्याकडे असा बघायचा की वाटावं, गाडी याने माझ्यासाठीच घेतलीय. का बघायचा, ते मला पुढे कळलं.

गाडी घेतली म्हणजे पूजा आली. आणि आमच्या सिंधुदुर्गातल्या माणसांची पूजा नुसत्या हळदीकुंकवाने आणि चाकाखालच्या लिंबाने होत नाही, गाऱ्हाणं घालावं लागतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नारळ पुढे ठेवून एक जाणता माणूस देवाला मोठ्याने सगळी हकिकत सांगतो, काय हवं ते मागतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणतात. हे म्हणायला डोकं लागत नाही. लहानपणापासूनची सवय. वाक्य संपलं की तोंड आपोआप उघडतं.

बहरीनमध्ये आमचे जाणते म्हणजे दाजी परब. कणकवलीचे, सुतारकाम करतात, वयाने सगळ्यांत थोरले. घरभरणी असो, बारसं असो, गाऱ्हाणं दाजींचंच. त्यांचा नियम एकच: देवापुढे अर्धी गोष्ट सांगायची नाही. अर्धी सांगितलीत तर देव अर्धंच देतो, आणि ते अर्धं कुठलं, ते त्याच्या मर्जीवर. म्हणून पूजेआधी दाजी यजमानाला बाजूला घेऊन खोदून खोदून विचारतात. आमच्या पूजेच्या शुक्रवारीही त्यांनी संदेशला पार्किंगच्या कोपऱ्यात नेलं. बराच वेळ दोघांचं चाललं होतं. मी वर घावणे काढत होते, खिडकीतून दिसत होतं. संदेश मान खाली घालून बोलत होता आणि दाजी डोकं खाजवत होते. मला वाटलं, काय भाविक नवरा मिळालाय.

पंधरावीस माणसं जमली. आमच्या वरच्या मजल्यावरची सरिताही आली. ती सीफला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. तिने आल्या आल्याच सांगून टाकलं, "हे बघ रुपाली, आम्ही जयभीमवाले. तुझ्या देवाला मी हात जोडणार नाही. घावणे मात्र खाणार." मी म्हटलं, खा बाई, काळ्या वाटाण्याचं सांबारंही आहे. ती माझ्या शेजारी हाताची घडी घालून उभी राहिली.

दाजींनी टोपी नीट केली, बॉनेटसमोर नारळ ठेवला आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान, संदेशान, परमुलखात गाडी घेतल्यान हा."

"व्हय म्हाराजा."

"ती गोऱ्या सायबाची वापरलेली आसा. त्येची काय इडापिडा मागे लागली आसात तर ती त्येच्याबरोबर अमेरिकेक धाड."

"व्हय म्हाराजा."

इथे थोडं हसू झालं. दाजींना हसणं खपत नाही. त्यांनी आवाज चढवला.

"ह्या लेकरान कंपनीत पाच वर्सांच्या नव्या कॉन्ट्रॅक्टवर सही केल्यान हा. ती पाच वर्सां त्येका, त्येच्या बायलेक, चेडवाक आणि ह्या गाडयेक हयच बहरीनात सुखान ठेव."

"व्हय म्हाराजा."

मीही म्हटलं. चांगलं ठणठणीत म्हटलं. म्हणून झाल्यावर कानातलं डोक्यात उतरलं.

दाजी थांबले नाहीत. अर्धी गोष्ट सांगायची नाही ना. "त्येना बायलेक अजून सांगूक नाय. ती गावाक जावच्या आशेवर बसली हा. तिची समजूत तूच घाल. ती रागावली तर तिका क्षमा कर."

या वेळी "व्हय" म्हणायला तोंडं उघडली ती तशीच राहिली. कुणीतरी मागून एकट्याने "व्हय म्हा—" म्हटलं आणि गिळून टाकलं. सगळे गाडीकडे बघायला लागले, जशी काही सही गाडीनेच केली होती.

संदेश पुटपुटला, "दाजी, ता मनातल्या मनात सांगूचा होता."

"देवाक काय कानात सांगतत?" दाजी म्हणाले. ते खरंच गोंधळले होते. त्यांच्या मते त्यांनी काम चोख केलं होतं.

आधी लाज वाटली, एवढ्या लोकांत. मग राग आला, आणि तो असा की समोरचा नारळ उचलून काचेवर घालावा. मला न विचारता पाच वर्षं. मला न सांगता. आणि साखीरच्या रस्त्यावर माझ्याकडे बघून हसत होता तो यासाठी. मला गाडीची गोडी लावत होता, लहान पोराला औषधाआधी साखर चाटवतात तशी.

"कधी केलीत सही?" मी विचारलं.

"गाडी घ्यायच्या आधी," संदेश म्हणाला. "सांगणार होतो गो. तुला जरा आवडू दे म्हटलं, मग सांगतो. तिकडे मी कोण? एसटीतल्या मेकॅनिकचा पोरगा. इथे निदान..." त्याने गाडीकडे हात केला.

ते मला समजलं, हेच वाईट झालं. समजलं नसतं तर भांडणं सोपं गेलं असतं.

मी पुढे झाले. "दाजी, माझं पण गाऱ्हाणं घाला."

"गो, एका नारळावर दोन—"

"मग घरात दुसरा आहे, आणते. का बायकांचं चालत नाही?"

दाजींनी विचार केला. "चलता," ते म्हणाले. "पण माका सगळा सांगूक होया." होया म्हणजे हवं. मी तिथेच, सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. कोपऱ्यात न्यायची गरज नव्हती. दाजींनी ऐकून घेतलं, पुन्हा टोपी नीट केली.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेक रुपाली. शिकलेली आसा. लगीन झाल्यापासून घोवाच्या व्हिसावर ऱ्हवली."

"व्हय म्हाराजा." या वेळी बायकांचा आवाज जास्त होता.

"पाडव्याक कुडाळात तिचा दुकान उघडतला. परीक्षा झाली काय ती आणि तिचा चेडू गावाक जातली. तिच्या दुकानाक यश दी, एकाचे एकवीस कर."

"व्हय म्हाराजा."

"घोवान मागसून येवचा, काय गाडी राखीत बसाचा, ता त्येचा तो बघात."

मंडळी बोलली, पण दाजींचं समाधान झालं नाही. ते संदेशकडे बघत राहिले. "यजमानान म्हणूक होया. नायतर पोचणा नाय."

संदेश बॉनेटवरच्या कुंकवाकडे बघत होता. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा."

सरिताने माझा दंड धरला. "मी काही तुझ्या देवाला म्हटलं नाही," ती म्हणाली. "तुला म्हणते. जा." आणि ताटल्या वाढायला वर गेली. घावणे सगळे संपले. असल्या प्रसंगाला माणसं जास्तच जेवतात.

त्यानंतर संदेश मला थांब म्हणाला नाही. देवासमोर शब्द दिला होता, त्यातून फिरायची त्याची छाती नव्हती. भांडला असता तर मी दहा वेळा ऐकवलं असतं. तो भांडला नाही. माझ्या बॅगा बांधायला दोऱ्या आणल्या, स्पृहाचा दाखला काढून आणला, स्वप्नालीशी फोनवर बोलून दुकानात एसी कुठे बसवायचा ते सांगितलं. रोज संध्याकाळी खाली जाऊन गाडी पुसायचा. मी खिडकीतून बघायची. रागावून राहायला आता फार कष्ट पडत होते, पण मी ते घेतले.

विमान गोव्याचं होतं, संध्याकाळचं. बॅगा डिकीत बसल्या. स्पृहा मागे कानात गाणी घालून बसली. ईसा टाउनमधून बाहेर पडलो तेव्हा मला वाटलं, सिग्नल आहेत म्हणून हा हळू चालवतोय. हमरस्त्याला लागलो तरी तेच. विमानतळाकडे नेणाऱ्या मुहर्रकच्या पुलावर चढलो तर मागून पाण्याचा टँकर आला, हॉर्न देऊन पुढे गेला. मग शाळेची एक रिकामी बस गेली. मग एक म्हातारा अरब आपल्या जुन्या पिकअपमधून आमच्याकडे कीव केल्यासारखं बघत गेला. संदेश उजव्या कडेने, जी इथे हळू गाड्यांची, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, बैलगाडी हाकावी तसा चालवत होता. समोर बघत होता आणि डोळे पुसायचे म्हणून चष्मा सारखा वर करत होता.

"अहो," मी म्हटलं, "विमान चुकेल."

"हो," तो म्हणाला.

पण त्याने पाय काही दाबला नाही. आणि मीही पुन्हा सांगितलं नाही.