आवाजांची डिस्क

“आवाजांची एकही फाइल उघडत नाहीये, काका,” रुग्णालयाच्या वाचा-उपचार विभागातल्या बाईंनी दारातूनच सांगितलं.

सिस्टिमवाले काका हातातला चहा तसाच धरून बसले. बावीस वर्षं या रुग्णालयाचा सर्व्हर त्यांनी सांभाळला. मेमरी वाढवून द्या, असे चार अर्ज केले. साहेबांचं उत्तर ठरलेलं, चालतंय ना, मग चालू द्या. ते चालत होतं काकांच्या जिवावर. मेमरी भरली की सर्व्हर जास्तीचं ओझं डिस्कवरच्या राखीव जागेत उतरवतो. तिला स्वॅप म्हणतात. लहान घरात सामान माळ्यावर चढवावं, तसं काका स्वॅपवर भागवत आले होते.

काल माळाही भरला. काकांनी कपाटातली एक जुनी डिस्क जोडली, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि ती नेहमीसारखी दुसऱ्या नंबरवर आली असेल असं धरून हाताच्या सवयीने हुकूम सोडला: दुसऱ्या नंबरची डिस्क स्वॅपला. डिस्क वाढली की नंबर बदलू शकतात, आधी तपासावं, हे नव्या माणसांना तेच शिकवायचे. काल स्वतः तपासलं नाही. दुसऱ्या नंबरवर आवाजांची डिस्क आली होती. ती एरवी नुसती जोडलेली असायची, वापरात नसायची, म्हणून सर्व्हरनेही हटकलं नाही. दिवसभर तो तिच्यावर ओझं टाकत राहिला.

घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र काढण्याआधी इथे रुग्णाचा आवाज मुद्रित करून ठेवत. असे नऊशे आवाज होते, आणि त्यात काकांच्या बायकोचाही होता. सहा वर्षांपूर्वीची अकरा मिनिटं. दुसरी प्रत ठेवायलाही जागा मागितली होती. तो अर्ज पाचवा.

“काहीच परत येणार नाही?” बाईंनी विचारलं.

“नाही. त्याच्यावर दुसरं लिहिलं गेलंय.”

“साहेबांना काय सांगू?”

“माझ्या हातून गेलं म्हणून सांगा.”

मेमरीच्या अर्जांचं त्यांनी नावही काढलं नाही. नऊशे घरांपुढे ते अर्ज काय कामाचे?

घरी बायको वाट पाहत होती. रविवारी नात येणार होती. आजीचा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. ‘या वेळी माझा आवाज घेऊन या,’ असं बायकोने सकाळीच पाटीवर लिहिलं होतं. आता तिने टेबलावरचा स्पीकर पुसून ठेवला होता.

काकांनी बूटही काढले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, “गेला गं. मीच पुसला.”

 तिने पाटी ओढून काहीतरी लिहिलं, तळहाताने पुसलं, पुन्हा लिहिलं आणि पाटी त्यांच्यापुढे सरकवली.

‘मी काय बोलले होते त्यात?’

काकांनी ते मुद्रण एकदाही ऐकलं नव्हतं. ऑपरेशननंतर तो आवाज ऐकायचा त्यांना धीरच झाला नव्हता. पुढच्या महिन्यात ऐकू, असं म्हणत सहा वर्षं गेली होती.

त्यांनी खडू हातात घेतला आणि तिच्या प्रश्नाखाली लिहिलं, ‘मी तो कधी ऐकलाच नाही.’